कसावाच्या मुळात साखर पोहोचते कशी? शुगर ट्रान्सपोर्टर जीन्स सोप्या भाषेत

एकादशीला साबुदाण्याची खिचडी तुमच्या घरीही होत असेलच. लहानपणी मला साबुदाणा म्हणजे एखादं धान्यच वाटायचं. पण तो बनतो कसावाच्या, म्हणजे टॅपिओकाच्या मुळातल्या स्टार्चपासून. आपल्याकडे येणारा बराचसा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागातला असतो. हे कळल्यावर मला प्रश्न पडला: साखर तयार होते पानात, मग स्टार्च साठतो मुळात, हे कसं? चला, समजून घेऊया.

ट्रान्सपोर्टर जीन म्हणजे काय?

जीन म्हणजे प्रोटीन बनवण्याची सूचना. पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा पातळ पडदा असतो. त्यातून साखर सहज जात नाही. ट्रान्सपोर्टर प्रोटीन या पडद्यात दारासारखं बसतं आणि साखरेला वाट देतं.

मुख्य प्रकार कोणते?

1. स्वीट: साखर जास्त असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडे सोडतं. ऊर्जा लागत नाही. या कुटुंबाचा शोध 2010 मध्ये जाहीर झाला.
2. सट: हायड्रोजन आयनसोबत सुक्रोज आत ओढून घेतं. आत आधीच जास्त साखर असली तरी! त्यासाठी पेशीला ऊर्जा मोजावी लागते.
3. टीएसटी: पेशीच्या आतल्या साठवणीच्या पिशवीत साखर भरतं.

साखरेचा प्रवास

पानातल्या पेशीतून स्वीट साखर बाहेर सोडतं. सट ती फ्लोएम नावाच्या नळ्यांमध्ये भरतं. तिथून ती खाली मुळाकडे वाहते. गंमत म्हणजे, कसावाच्या जाडजूड मुळात साखर मुख्यतः शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतूनच पुढे सरकते. मग सुक्रोज फोडलं जातं आणि त्यापासून स्टार्चचे कण तयार होतात.

हेच दार हॅक झालं तर?

कसावाला झँथोमोनास बॅक्टेरियामुळे करपा होतो. हा बॅक्टेरिया पानाच्या पेशीत टॅल20 नावाचं प्रोटीन सोडतो. ते थेट डीएनएवर बसून एमई-स्वीट10ए हे जीन चालू करतं. म्हणजे आपल्या फोनमध्ये शिरलेल्या व्हायरसने परवानगीशिवाय सेटिंग बदलावी तसंच! पेशीबाहेर आलेली साखर बॅक्टेरियाच्या उपयोगी पडते, असं मानलं जातं. पानं करपतात, झाड वाळतं. कसावाची लागवड खोडाच्या कांड्यांपासून होते, त्यामुळे रोगट कांडीसोबत रोगही नव्या शेतात जातो. आफ्रिकेत कोट्यवधी लोकांचं रोजचं जेवण कसावावर आहे, म्हणून हे नुकसान थेट ताटापर्यंत पोहोचतं. भातावरचा करपाही अशीच युक्ती वापरतो.

उपाय काय?

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात शास्त्रज्ञांनी टॅल20 जिथे बसतं, नेमक्या त्या जागी डीएनएवर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा लावल्या. डीएनएची अक्षरं तीच राहिली, पण टॅल20 ला बसायला जागा उरली नाही. रोगाची लक्षणं कमी झाली आणि झाडांची वाढ नेहमीसारखीच राहिली. हे काम अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे, पण दिशा मला फार आशेची वाटते.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी खिचडी खाताना या छोट्या दारांची आठवण नक्की काढा!