पांढरा भात, ‘काक्के’ आणि शास्त्रावरील विश्वास

आहार आणि आरोग्य यांविषयीच्या लोकभ्रमांची चर्चा करताना आपण बहुधा एक गोष्ट गृहीत धरून चालतो : भ्रम हा अशिक्षितांचा आणि ज्ञान हे शास्त्रज्ञांचे. या गृहीतावरूनच, लोकांचा शास्त्रावर विश्वास बसत नाही अशी तक्रार पुढे येते आणि त्यावर लोकशिक्षण हा एकच उपाय सुचविला जातो. हे गृहीत सर्वस्वी खोटे नाही. तथापि ते अपुरे आहे. आहारविषयक भ्रमाने मोठी मनुष्यहानी घडविल्याचे एक ठळक उदाहरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जपानमध्ये सापडते, आणि तेथील भ्रम विद्वानांचा होता. त्या काळी सर्वांत प्रगत मानल्या गेलेल्या शास्त्राच्या नावाने तो जोपासला गेला. प्रस्तुत लेखात त्या प्रकरणाचा मागोवा घेऊन, शास्त्रावर विश्वास ठेवणे म्हणजे नेमके कशावर विश्वास ठेवणे, या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

ज्या रोगाला आज जगभर ‘बेरीबेरी’ म्हणतात, त्याला जपानी भाषेत ‘काक्के’ असे नाव आहे. पायात जडत्व व बधिरता येणे, सूज चढणे, आणि अखेर हृदयक्रिया बंद पडून मृत्यू येणे, ही त्याची लक्षणे. ‘काक्के’ या शब्दातील पहिले चिनी अक्षर ‘पाय’ या अर्थाचे आहे. ‘बेरीबेरी’ हा शब्द ‘अशक्तपणा’ या अर्थाच्या सिंहली शब्दाच्या द्विरुक्तीतून आला असे सामान्यतः मानतात. दोन्ही नावे लक्षणाची आहेत, कारणाची नव्हेत. परंतु जपानी जनतेजवळ कारणाचा धागा सुचविणारे तिसरे नाव होते. एडो, म्हणजे आजचे तोक्यो, येथे खेड्यातून आलेल्या माणसाला हा रोग जडे आणि तो गावी परतला की बरा होई. म्हणून लोक त्याला ‘एडोचे दुखणे’ म्हणत. खेड्यात भरड धान्य अथवा कोंड्यासह भात खाल्ला जाई. राजधानीत मात्र सडून पांढराशुभ्र केलेला तांदूळ हे प्रतिष्ठेचे अन्न होते. लोकांनी स्थळाचा संबंध ओळखला होता. अन्नाचा संबंध मात्र थोड्यांच्याच ध्यानी आला.

त्या थोड्यांमध्ये तोदा चोआन हे परंपरागत पद्धतीचे वैद्य होते. काक्केच्या रोग्याने तांदूळ वर्ज्य करून जव आणि लाल चवळीसारखे कडधान्य खावे, असा त्यांचा उपचार असे. १८७८ मध्ये शासनाने तोक्योत काक्केचे खास रुग्णालय उघडले आणि पाश्चात्त्य व परंपरागत अशा दोन्ही पद्धतींच्या वैद्यांकडे रोगी सोपविले. खुद्द सम्राट मेइजी यांना या रोगाचा त्रास असल्याने या प्रश्नाला राजकीय महत्त्वही होते. परंतु तांदळासारखे नित्याचे अन्न रोगाचे मूळ असू शकते, ही कल्पना नव्या विद्येच्या वैद्यांना पटण्याजोगी नव्हती. युरोपात हा रोग जवळजवळ अज्ञात असल्यामुळे युरोपीय ग्रंथही या बाबतीत मुके होते.

या प्रश्नाला निर्णायक वळण मिळाले ते आरमारात. ताकाकी कानेहिरो (१८४९–१९२०) हे आरमारी वैद्य लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयाच्या विद्यालयात १८७५ ते १८८० या काळात शिकून परतले होते. १८८२ मध्ये आरमारातील दर शंभरांपैकी सुमारे चाळीस जणांना काक्केची बाधा झाली होती. ताकाकींनी प्रथम रोग्यांची वर्गवारी केली. अधिकारीवर्गात रोग विरळ, सामान्य खलाशांत दाट. दोघांची जहाजे एक, हवा एक, पाणी एक; भेद अन्नाचा होता. त्या काळी खलाशांना शिध्याऐवजी रोख भत्ता मिळे. त्यातील पैसा गाठीस बांधून ते स्वस्त कोरड्यासासह केवळ भातावर भागवीत.

१८८२ च्या अखेरीस ‘र्‍यूजो’ हे शिक्षणनौकेचे जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका व हवाई या मार्गाने दीर्घ प्रवासास निघाले. त्यावरील ३७६ जणांपैकी १६९ जणांना काक्के झाला आणि २५ जण दगावले. ताकाकींनी आग्रह धरला, की दुसरे जहाज नेमक्या त्याच मार्गाने पाठवावे आणि फक्त आहार बदलावा. त्याप्रमाणे १८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ हे जहाज निघाले. त्यावर मांस, दूध, पाव आणि भाज्या यांची तरतूद होती. या प्रवासात सुमारे पंधरा जणांना रोग झाला, मृत्यू एकही नाही. आणि रोग झालेल्यांतही बहुतेकांनी नवे अन्न नाकारलेले होते. पुढे खलाशांना मांस व पाव रुचेना, म्हणून १८८५ पासून तांदळात जव मिसळण्याचा प्रघात पडला. त्याच वर्षी आरमारातील काक्केचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. ताकाकींचा उपाय बरोबर होता. त्यांची उपपत्ती चुकीची होती. अन्नातील नत्र आणि कर्ब यांचे प्रमाण बिघडल्याने, म्हणजे प्रथिने कमी पडल्याने, काक्के होतो असे ते मानीत. हे खरे नव्हते. प्रतिपक्षाने त्यांच्या उपपत्तीवर जे आक्षेप घेतले ते पुष्कळसे न्याय्य होते. परंतु उपपत्ती ढासळली म्हणजे पुरावाही ढासळला, असे मानण्यात प्रतिपक्षाची चूक झाली, आणि ती फार महाग पडली.

हा प्रतिपक्ष होता भूसेनेचा वैद्यकीय विभाग व तोक्योचे शाही विद्यापीठ. तेथे जर्मन वैद्यकाचा प्रभाव होता. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा आणि १८८३–८४ मध्ये पटकीचा जंतू दाखवून दिला होता. साऱ्या जगाला रोगजंतूंनी भारून टाकले होते. १८८५ मध्ये ओगाता मासानोरी यांनी काक्केचाही जंतू सापडल्याचे जाहीर केले. कॉख यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कितासातो शिबासाबुरो यांनी तो दावा खोडून काढला, तेव्हा त्यांच्यावर कृतघ्नतेचा ठपका आला; कारण जंतुशास्त्राचे पहिले धडे त्यांनी ओगातांकडेच घेतले होते.

भूसेनेतील मोरी रिंतारो (१८६२–१९२२) यांचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. ‘ओगाई’ या नावाने ते आधुनिक जपानी साहित्याचे एक अध्वर्यू म्हणून विख्यात आहेत. १८८४ ते १८८८ या काळात जर्मनीत स्वच्छताशास्त्राचे अध्ययन करून ते परतले. १८८९ मध्ये त्यांनी काही सैनिकांना पाळीपाळीने पांढरा भात, जवमिश्रित भात आणि पाश्चात्त्य अन्न देऊन त्यांचे पोषणमूल्य मोजले. उष्मांक व प्रथिनांचे शोषण या दृष्टींनी पांढरा भात सरस ठरला. हे मोजमाप त्या काळच्या मानाने काटेकोर होते. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते तो प्रश्नच त्यात विचारलेला नव्हता. काक्के कशाने टळतो, हा प्रश्न एक आणि कोणते अन्न अधिक पोषक, हा प्रश्न दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे अचूक उत्तर पहिल्याचे उत्तर म्हणून वापरले गेले.

भूसेनेत विरोधी पुरावा नव्हता असे नाही. ओसाका येथील सैनिकी वैद्य होरिउची तोशिकुनी यांना असे कळले होते, की तुरुंगातील कैद्यांना जवाचा भात मिळू लागल्यापासून त्यांच्यातील काक्के हटला आहे. गुन्हेगाराला निकृष्ट अन्न व शिपायाला उत्तम अन्न, या न्यायाने उत्तम अन्न खाणारा आजारी पडत होता! होरिउचींनी आपल्या पलटणींत जव सुरू करून गुण आणला, आणि इतर अनेक छावण्यांनीही त्यांचे अनुकरण केले. परंतु युद्ध सुरू होताच रसदीचा निर्णय वरिष्ठांच्या हाती गेला. इशिगुरो तादानोरी यांच्या नेतृत्वाखालील वैद्यकीय विभागाने पांढऱ्या तांदळाचाच पुरस्कार केला. दररोज सहा ‘गो’, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम तांदूळ, हा शिपायाचा शिधा ठरला. गरीब शेतकऱ्याच्या मुलाला पोटभर पांढरा भात मिळतो, हे सैन्याचे एक आकर्षणही होते.

परिणाम आकड्यांत नोंदलेला आहे. १८९४–९५ च्या चीन–जपान युद्धात भूसेनेचे सुमारे ४,००० सैनिक काक्केने मेले. प्रत्यक्ष लढाईत पडलेल्यांपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी होती. १९०४–०५ च्या रशिया–जपान युद्धात सुमारे अडीच लाख सैनिकांना काक्के झाला आणि सुमारे २७,००० दगावले. त्याच युद्धात आरमारातील काक्के नगण्य होता. एकाच देशाच्या दोन दलांत, एकाच वेळी, असा हा भेद दिसत असताना मार्च १९०५ मध्ये युद्धमंत्री तेराउची यांनी शिध्यात जव मिसळण्याचा आदेश काढला. तोपर्यंत युद्धाचा मोठा भाग सरला होता.

रोगाचे खरे कारण हळूहळू दुसरीकडे उलगडत होते. जावामध्ये एइकमान यांच्या कोंबड्यांना रुग्णालयातील शिजलेला पांढरा भात घातला जाई, तेव्हा त्यांना बेरीबेरीसदृश विकार झाला; आणि नव्या आचाऱ्याने लष्करी तांदूळ कोंबड्यांना देण्याचे नाकारताच त्या बऱ्या झाल्या. पुढे फोर्डरमान यांनी जावातील शंभराहून अधिक तुरुंगांची पाहणी केली. जेथे पांढरा तांदूळ होता तेथे सुमारे ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होता. जेथे पापुद्र्यासह तांदूळ दिला जाई तेथे १०,००० मागे एकाला. तरीही एइकमान यांनी प्रथम असाच अर्थ लावला, की तांदळाच्या पिठात काही विष आहे आणि पापुद्र्यात त्याचा उतारा. १९०१ मध्ये ग्रिन्स यांनी तो अर्थ उलटविला : विष कोठेच नाही, पापुद्र्यात जे आहे त्याचा अभाव हाच रोग.

भाषेच्या अभ्यासकाला हा टप्पा विशेष लक्षणीय वाटतो. रोगाला ‘कारण’ हवे, आणि कारण म्हणजे काहीतरी ‘असणे’ – जंतू असणे, विष असणे, दूषित हवा असणे – अशी त्या काळच्या वैद्यकाची वाक्यरचनाच होती. ‘नसणे’ हे कारण होऊ शकते, हे सांगावयास त्या भाषेत सोयीचे नाम नव्हते. आपल्याकडे उत्तरकालीन वैशेषिकांनी ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मानला. त्यावरून प्राचीनांना आहारशास्त्र ठाऊक होते असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. परंतु अभावाला विचारात स्थान देण्यासाठी त्याला नाव द्यावे लागते, इतके त्यावरून निश्चित दिसते. १९१० मध्ये सुझुकी उमेतारो यांनी कोंड्यातून प्रभावी द्रव्य वेगळे केले. ते कृषिरसायनज्ञ असल्याने वैद्यांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. १९१२ मध्ये फुंक यांनी ‘व्हिटामाइन’ हे नाव घडविले. त्यातील ‘अमाइन’ हा अंश रसायनदृष्ट्या सर्वत्र लागू पडेना, म्हणून १९२० मध्ये ड्रमंड यांनी इंग्रजी लेखनातील अंत्य ‘ई’ गाळण्याची सूचना केली. अशा रीतीने सदोष व्युत्पत्तीच्या एका शब्दाने योग्य कल्पनेला वाट करून दिली. मराठीतील ‘जीवनसत्त्व’ हा शब्दही त्याच वाटेने आला आहे. जपानमध्ये १९०८ साली नेमलेल्या काक्के संशोधन मंडळाचे अध्यक्षपद मोरी यांच्याकडेच होते. १९२४ मध्ये ते विसर्जित झाले, तोवर आहारकारण सर्वसाधारणपणे मान्य झाले होते. मोरी दोन वर्षांपूर्वीच निवर्तले होते.

भारतातही या विषयाचा अभ्यास १९१८ मध्ये मॅकॅरिसन यांनी कुन्नूर येथे आरंभिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे मूळ तेथे आहे. बेरीबेरीचा उपद्रव आंध्रच्या किनारपट्टीत, जेथे गिरणीतला कच्चा तांदूळ खाल्ला जाई तेथे, मुख्यतः आढळला. उकड्या तांदळाच्या प्रदेशांत तो विरळ होता. भात सालीसकट उकडताना सत्त्व दाण्याच्या आत मुरते, म्हणून सडल्यावरही पुष्कळसे शिल्लक राहते. कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खाणाऱ्यांनी हे कारण जाणून तो पत्करला नव्हता. पण त्याचा लाभ त्यांना मिळाला.

या इतिहासातून परंपरा तेवढी खरी आणि प्रयोगशाळा खोटी, असा निष्कर्ष काढणे म्हणजे जुन्याच चुकीची उलट बाजूने पुनरावृत्ती करणे होय. परंपरेने जव सुचविला, तशीच पांढऱ्या भाताची प्रतिष्ठाही परंपरेनेच जोपासली होती. त्या दोहोंपैकी कोणती खरी, हे दोन जहाजे एकाच मार्गाने पाठवून व रोगी मोजूनच ठरले. इशिगुरो व मोरी यांच्या बाजूला पदवी, पद आणि विद्यापीठ होते. ताकाकी व होरिउची यांच्या बाजूला तुलना होती. जनतेने शास्त्रावर विश्वास ठेवावा असे आपण म्हणतो, तेव्हा विश्वासाचा विषय पहिला नसून दुसरा असला पाहिजे. आणि तो विश्वास मागणाऱ्या विद्वानाने स्वतःला तीन प्रश्न विचारले पाहिजेत : माझे मोजमाप विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देत आहे काय? प्रतिपक्षाची उपपत्ती खोडताना मी त्याचा पुरावाही टाकून देत आहे काय? आणि खात्री होईपर्यंत थांबण्याची किंमत कोण भरीत आहे? मांचुरियाच्या रणभूमीवर ती किंमत, सैन्यात पोटभर पांढरा भात मिळेल म्हणून भरती झालेल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी भरली.