फॅमिली डॉक्टरांकडचा खर्च कशावर ठरतो?

डॉक्टरांची पदवी व अनुभव, दवाखान्याचा भाग, रात्रीची किंवा रविवारची वेळ आणि घरी बोलावणे, यांवर फी बदलते. काही डॉक्टर गोळ्या स्वतःच देतात आणि त्यांचे पैसे फीतच धरतात; काही फक्त चिठ्ठी लिहून देतात. ठरावीक दिवसांत पुन्हा दाखवल्यास बरेच डॉक्टर फी घेत नाहीत. ही मुदत पहिल्याच भेटीत विचारून घ्यावी.

खर्च खरा वाढतो तो औषधे आणि रक्त-लघवीच्या तपासण्यांनी. जनऔषधी केंद्रांत जेनेरिक औषधे बरीच स्वस्त मिळतात. आपल्या हैदराबादेत २०१८ पासून सुरू झालेल्या बस्ती दवाखान्यांत तपासणी व औषधे मोफत आहेत. राजीव आरोग्यश्री योजनेत पात्र कुटुंबाला १० लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयातले. फॅमिली डॉक्टरांची फी त्यातून भागत नाही.

आपल्यातील काही ज्येष्ठ मंडळी खर्चाच्या धास्तीने रक्तदाब आणि साखर तपासणे पुढे ढकलतात. आम्ही एवढेच सुचवू: फी आधी विचारायला संकोच नको, पण तपासणी लांबवू नका. उशिरा कळलेला आजार सर्वांत महाग पडतो.