घर सोडून गेलेले वसईकर

वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांत एक तक्रार अलीकडे वारंवार कानी येते. मुलगा कमावता होतो, विवाह करतो आणि वर्ष-दोन वर्षांत वेगळे बिऱ्हाड थाटतो. काही घरांत तर विवाहापूर्वीच मुलगा किंवा मुलगी नोकरीच्या गावी खोली घेऊन राहू लागते. आईवडिलांच्या जिवाला ते लागते. ‘आमच्या काळी असे नव्हते, सारी भावंडे एका चुलीवर जेवत होतो,’ असे वडीलधारी माणसे सांगतात. त्यांचे दुःख खरे आहे. परंतु आमच्या समाजाचा इतिहास चाळला, तर घर सोडण्याची कहाणी एकत्र चुलीइतकीच जुनी असल्याचे दिसून येते.

तिचा आरंभ आमच्या पहिल्या संतापासूनच होतो. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली शिकलेला हा मुलगा अवघ्या पंधरा-सोळा वर्षांच्या वयात त्यांच्यासोबत समुद्रमार्गे निघाला आणि १५७२ साली जपानला पोहोचला. तेथील भाषा त्याने आत्मसात केली आणि धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा फळास आली नाही, तेव्हा तो व्यापाराकडे वळला. त्यात यश मिळूनही मन रमले नाही. शेवटी मनिला येथे त्याने फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून व्रते घेतली आणि दुभाषा बनून पुन्हा जपान गाठले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आले, त्यांत तो होता. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद बहाल केले. आज आम्ही ज्यांच्या नावाने मंदिरे व शाळा-महाविद्यालये चालवतो, ते कोवळ्या वयात उंबरठा ओलांडून गेले होते, हे त्यांचा सण साजरा करताना आमच्या सहसा ध्यानी येत नाही.

त्याच काळात उलट दिशेने आलेला एक तरुणही आम्हांस जवळचा आहे. ‘क्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधील घर सोडून रोमला गेले, १५७५ साली येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले. पुढील महिन्याच्या १० तारखेस त्यांनी आपल्या वडिलांना एक दीर्घ पत्र लिहिले. लिस्बनपासूनचा प्रवास, वारे, मासे, पक्षी, सोबत्यांचे आजार असे सारे काही त्यात आहे. पुढे भावालाही त्यांनी पत्र धाडले. मायदेशी ते कधी परतले नाहीत, परंतु पत्रांतून घराशी नाते राखून होते.

मग ‘आमच्या काळी असे नव्हते’ ही समजूत कोठून आली? तिचे मूळ वाडीत आहे. १७३९ साली मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा किल्ल्यातील पोर्तुगीज घराणी निघून गेली. ज्यांचे पोट मातीवर होते, ते स्थानिक ख्रिस्ती इथेच राहिले. पानमळा, केळी, भाजीपाला यांची बागायत म्हणजे वर्षभराचे काम. रहाट चालवायचा, बावखलातले पाणी राखायचे, पहाटे माल बाजारी न्यायचा. यासाठी घरात अनेक हात लागत. एकत्र कुटुंब टिकले ते प्रेमाने, हे खरेच. पण ते वाडीच्या गरजेनेही टिकले.

त्यात आगगाडीने हातभार लावला. १८६४ साली गुजरातकडून आलेला लोहमार्ग मुंबईपर्यंत पूर्ण झाला आणि १८६७ च्या एप्रिलपासून विरारहून मुंबईस रोजची एक गाडी धावू लागली. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. भाजी, फुले व दूध मुंबईस जाऊ लागले; पुढे शिकलेली मुले कचेऱ्यांत व कारखान्यांत जाऊ लागली. कोकणातील वा घाटावरील तरुणाला नोकरीसाठी गिरगाव-परळच्या चाळीत बिऱ्हाड करावे लागे. वसईचा तरुण मात्र रात्री घरी परतून आईच्या हातचे जेवू शके. घर न सोडता जग गाठण्याची ही सवलत होती. आपल्या वडीलधाऱ्यांना आठवतो तो हा काळ.

ती घडी आमच्याच डोळ्यांदेखत विसकटली. १९९० साली सिडकोकडे या भागाचे नियोजन गेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईसाठी मोठा लढा उभा राहिला, तरीही इमारती वाढतच गेल्या. २००९ साली महानगरपालिका झाली. वाडीला हातांची गरज उरली नाही आणि जमिनीला मात्र भाव आला. एकत्र राहण्याचे कारण गेले आणि भांडणाचे कारण आले.

येथे कायद्याविषयी दोन शब्द सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेवर त्याच्या मुलाचा जन्मतः हक्क नसतो. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता बाप वारला, तर एक तृतीयांश वाटा विधवेचा आणि उरलेला मुलगे व मुली यांचा समसमान. घर सोडून गेल्याने हिस्सा बुडत नाही, तसाच घरी राहून म्हातारपणी सेवा केल्याने तो वाढतही नाही. सेवा करणाऱ्याचे श्रम ध्यानात घ्यायचे असतील, तर बापाने शुद्धीत असताना, सर्वांना सांगून मृत्युपत्र करावे. वेगळे राहणे आणि वाटणी मागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र बांधल्या जातात, तेव्हा भाऊ भावाशी बोलेनासा होतो आणि बहिणीला तर कोणी विचारतही नाही.

पवित्र शास्त्राने दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात विवाहाचा विचार आईबापांना सोडण्यापासूनच सुरू होतो. आणि दहा आज्ञांत आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आहे, तिला वयाची अट नाही. तेव्हा आम्ही पालकांना विनवतो, की निघालेल्या मुलाला शाप देऊ नका, टोमणा मारू नका. आशीर्वाद देऊन धाडा. आणि तरुणांना सांगतो, की आजारी व्यक्तींना प्रभुभोजन घेऊन आम्ही घरोघरी जातो, तेव्हा मोठ्या घरात एकटे बसलेले आईबाप आम्हांस भेटतात. त्यांच्या तोंडी पैशाची तक्रार क्वचितच असते. मुलगा शेवटचा कधी येऊन गेला, तो दिवस मात्र त्यांना अचूक पाठ असतो. स्टीफन्सच्या पत्राला घरी पोहोचण्यास कित्येक महिने लागत. नालासोपाऱ्याच्या सदनिकेतून गासच्या ओट्यापर्यंत येण्यास तेवढा वेळ लागू नये.