जबलपूर आणि इंचाचे नऊ हजारांश

जबलपूरला बदली झाली की पहिल्या महिन्यातच दोन फेऱ्या ठरलेल्या. एक भेडाघाटची, दुसरी मालगोदाम चौकातल्या राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांच्या स्मारकाची. ही दुसरी फेरी करून आलो त्याच रात्री अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. त्याला रायफलचं वेड. तिकडे शेतात बिळं करणाऱ्या लहान प्राण्यांवर लांबून नेम धरतात. त्यासाठी हा पठ्ठ्या रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतो.

"मामा, पुंगळी चेंबरमध्ये किती सैल बसते ते मी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतो. दोन हजारांशांचा फरकसुद्धा चालत नाही."

मी म्हटलं, "अरे, आमच्याकडे नऊ हजारांशांवरून राज्य हललं होतं."

हे थोडं चढवून बोललो, पण अगदीच खोटं नव्हतं.

1857 पूर्वी शिपायाच्या हातात असायची ती गुळगुळीत नळीची बंदूक. नळीचा व्यास सुमारे 0.75 इंच, गोळीचा साधारण 0.69. एवढी फट असल्यामुळे गोळी विनासायास तळाशी जाई. भरायला सोपी, पण गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडायची. शंभर यार्डांपलीकडे नेम लागला तर नशीब.

मग आली 1853 ची एनफील्ड रायफल. नळी 0.577 इंच, गोळी 0.568. मधली फट फक्त नऊ हजारांश. गोळीचा तळ पोकळ होता. बार उडाला की तळ फुगून नळीतल्या आट्यांना घट्ट धरायचा आणि गोळी फिरत बाहेर पडायची. पल्ला आणि नेम दोन्ही कित्येक पटींनी वाढले.

पण काळ्या दारूची काजळी नळीत साचते. काही बार झाले की नऊ हजारांशांची फट बुजते आणि गोळी अडकते. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला चरबी लावायची. काडतूस म्हणजे दारू आणि गोळी असलेली कागदाची सुरळी. टोक दातांनी तोडायचं, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. जुन्या बंदुकीतही दातच वापरत, पण तिथल्या सैल गोळीला या चरबीची गरज नव्हती. चरबी आली ती घट्ट मापामुळे.

ती चरबी कशाची, हे शिपायाला कोणी विश्वासात घेऊन सांगितलं नाही. जानेवारी 1857 मध्ये डमडमहून गाईडुकराची कुजबुज निघाली. पुढची कथा विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' वाचलेल्यांना सांगायला नको. सरकारने नंतर स्वतःच चरबी तयार करण्याची मुभा दिली, काडतूस हाताने फाडण्याची कवायत काढली, पण उशीर झाला होता. 24 एप्रिलला मेरठला 85 स्वारांनी काडतुसं नाकारली, ती तर जुन्याच पद्धतीची होती. तोवर काडतुसात काय आहे हा प्रश्नच उरला नव्हता. देणाऱ्या हातावरचा भरवसा उडाला होता.

जबलपूरच्या छावणीत तेव्हा 52 वी बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्री होती. बंगाल आर्मीच्या बहुतेक पलटणींना नवी रायफल अजून मिळालीच नव्हती, तरी अविश्वास सगळीकडे पोचला होता. अवधचं खालसा होणं, समुद्रापार जाण्याची सक्ती, भत्ते ही कारणंही होतीच. 18 सप्टेंबरला इंग्रजांनी या गोंड राजाला आणि त्याच्या मुलाला तोफेच्या तोंडी दिलं. पुरावा म्हणून दाखवलेल्या कागदांत देवीची एक प्रार्थना होती. त्याच रात्री 52 वी पलटण छावणी सोडून निघून गेली.

मापाचं पुढे काय झालं? हिंदुस्थानच्या उन्हात आणि काजळीत 0.568 ची गोळी ठासताना गोरे सैनिकही मेटाकुटीला आले. शेवटी गोळी 0.550 ची केली, चरबीऐवजी मधमाशांचं मेण आलं. फट तिप्पट झाली, नेम टिकला आणि प्रश्न सुटला.

देशी पलटणींसाठी मात्र वेगळी बंदूक निघाली, 1858 चा नमुना. दिसायला एनफील्डच, पण नळीतल्या आट्या काढून ती 0.656 इंचांची गुळगुळीत केलेली. शिपायाच्या हाती अचूक शस्त्र नको, हा निर्णय सरळ नळीतच कोरला. आधी शिपायाचा सरकारवर भरवसा उरला नाही, मग सरकारचा शिपायावर.

हे वाचताना मला माझी कॅप्टन असतानाची गोष्ट आठवते. एका जंगलातल्या पोस्टवर हिवतापाच्या गोळ्या वाटायचो. जवान समोर तोंडात टाकायचे आणि मागे जाऊन थुंकायचे. गोळीने पुरुषत्व जातं अशी अफवा होती. मी रागावलो, हुकूम सोडला, फरक शून्य. मग सुभेदार साहेब हळूच म्हणाले, "साब, पहले आप खाइए, सबके सामने. और बताइए इसमें है क्या."

दुसऱ्या दिवशी फॉलिनमध्ये मी गोळी खाल्ली, डॉक्टरकडून तिची माहिती सगळ्यांना सांगवली, प्रश्न विचारू दिले. अर्धा तास गेला. त्यानंतर झुडपात गोळ्या सापडल्या नाहीत.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, पण नऊ हजारांश मोजता तरी येतात."