व्यवसाय, मानसिक स्वास्थ्य आणि जीवनसमाधान : अंबरनाथ पश्चिमेचा ऐतिहासिक संदर्भ

प्रस्तावना :
औद्योगिक इतिहास प्रायः उत्पादन, वेतन व संप यांच्या आधारे लिहिला जातो. कामगाराच्या मनःस्वास्थ्याचा विचार त्यात अभावानेच आढळतो. ऑस्ट्रियातील मारिएंथाल येथील गिरणी बंद पडल्यानंतर मारी याहोडा व तिच्या सहकाऱ्यांनी केलेले अध्ययन 1933 मध्ये प्रसिद्ध झाले. बेकारांना भरपूर फावला वेळ मिळूनही त्यांचे वाचन घटले व चालण्याची गतीही मंदावली, असे त्यात दिसून आले. व्यवसायातून वेतनाखेरीज दिनक्रमाची शिस्त, सहवास, सामूहिक उद्दिष्ट, सामाजिक स्थान व नियमित कृती या पाच गोष्टी मिळतात, असे प्रतिपादन याहोडाने पुढे केले. या दृष्टीने अंबरनाथचा विचार करणे उद्बोधक ठरते.

स्थिर व्यवसायाची जडणघडण :
1922 मध्ये आयात काडेपेट्यांवरील जकात वाढल्यानंतर स्वीडिश भांडवलावर 1923 मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली. तिच्या अंबरनाथ येथील कारखान्याचे स्मरण आज पश्चिमेकडील ‘विम्को नाका’ या नावात टिकून आहे. 1950 च्या दशकात येथे आयुधनिर्माणी व मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी हे केंद्र सरकारचे कारखाने उभे राहिले. ऋतुमानावर चालणाऱ्या शेतीच्या जागी पाळीचे घड्याळ आले. सरकारी कारखान्यातील कायम नोकरीमुळे वसाहतीतील निवास, निवृत्तिवेतन आणि ‘ऑर्डनन्समध्ये आहे’ एवढ्या शब्दांत व्यक्त होणारी प्रतिष्ठा लाभली.

2021 चे स्थित्यंतर :
1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन देशातील 41 निर्माणी सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या. अंबरनाथची आयुधनिर्माणी ‘यंत्र इंडिया’कडे, तर मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’कडे गेली. कर्मचाऱ्यांना प्रथम दोन वर्षांसाठी मानीव प्रतिनियुक्तीवर ठेवून त्यांच्या केंद्रीय सेवाशर्ती कायम राखण्यात आल्या. ही मुदत पुढे वाढविण्यात आली. तथापि कामगार महासंघांचा विरोध तीव्र होता. त्यांनी पुकारलेल्या बेमुदत संपाच्या पार्श्वभूमीवर 30 जून 2021 रोजी संपबंदीचा अध्यादेश काढण्यात आला.

येथे मारिएंथालशी असलेला भेद महत्त्वाचा आहे. तेथे काम व उत्पन्न दोन्ही एकाच वेळी गेले. अंबरनाथला काम होते, वेतन होते. डळमळीत झाली ती भविष्याची शाश्वती व ‘केंद्र सरकारचा कर्मचारी’ ही ओळख. मुदतीने वाढणाऱ्या प्रतिनियुक्तीत घरकर्ज, मुलांचे शिक्षण व निवृत्ती यांचे नियोजन मुदतीच्याच छायेत करावे लागते. या विरोधास मनोविकाराचे लक्षण मानणे अनुचित ठरेल. धोरणावरील तो विचारपूर्वक आक्षेप होता. परंतु वेतन अबाधित असतानाही अस्वस्थता निर्माण होऊ शकते, ही बाब त्यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
जीवनसमाधान केवळ पगारपत्रकावरून मोजता येत नाही. व्यवसायातील शाश्वती व प्रतिष्ठा ही मानसिक स्वास्थ्याची स्वतंत्र अंगे आहेत. म्हणूनच उद्योगांची पुनर्रचना करताना वेतनाच्या हमीइतकाच भविष्याविषयीच्या निःसंदिग्ध आश्वासनाचाही विचार होणे अगत्याचे आहे. कंत्राटी कामगाराला तर ही शाश्वती प्रारंभापासूनच नाकारलेली असते; त्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गंभीर होतो.