खाद्यकीटकांच्या जीवनावस्था

खाद्यकीटकांच्या जीवनावस्था म्हणजे पाळीव सरडे, गेको, कासवे इत्यादी कीटकभक्षी सरपटणाऱ्या प्राण्यांना खाद्य म्हणून वाढवल्या जाणाऱ्या कीटकांच्या अंड्यापासून प्रौढापर्यंतच्या पायऱ्या होत. एकाच कीटकाच्या निरनिराळ्या अवस्थांचा आकार, कवचाचा कठीणपणा, हालचाल आणि पोषणमूल्य भिन्न असते. त्यामुळे कोणती अवस्था कोणत्या प्राण्याला द्यावी, कोणती पुढील पिढीसाठी राखावी आणि कोणता कीटक मेलेला किंवा रोगट समजावा, हे ठरवण्यासाठी अवस्थांची अचूक ओळख आवश्यक असते.

रूपांतरणाचे दोन प्रकार

कीटकाचे बाह्य कवच वाढत नाही. म्हणून वाढीसाठी त्याला वेळोवेळी कात टाकावी लागते. खाद्यकीटकांत रूपांतरणाचे दोन प्रकार आढळतात.

पूर्ण रूपांतरण: अंडे, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्था असतात. अळी व प्रौढ यांच्यात कोणतेही साम्य दिसत नाही. भुंगेरे, पतंग व माश्या या गटात येतात.

अपूर्ण रूपांतरण: अंडे, पिल्लू आणि प्रौढ अशा तीन अवस्था असतात. पिल्लू प्रौढासारखेच, पण लहान व पंखहीन असते. रातकिडे व झुरळे या गटात मोडतात.

पूर्ण रूपांतरण होणारे कीटक

मीलवर्म (टेनेब्रिओ मोलिटर): ‘वर्म’ असे नाव असले तरी हा कृमी नसून साठवणीच्या धान्यात व पिठात राहणाऱ्या एका भुंगेऱ्याची अळी आहे. अंडी पांढरी, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची, दोन मिलिमीटरांहून लहान व चिकट असतात. त्यांना कोंडा चिकटत असल्याने ती सहसा नजरेस पडत नाहीत. अळी मधासारख्या पिवळसर तपकिरी रंगाची असून पूर्ण वाढ झाल्यावर सुमारे २५ ते ३० मिलिमीटर लांब होते. कोष मलईच्या रंगाचा असतो. त्याभोवती धाग्यांचे वेष्टन नसते. तो काही खात नाही, चालत नाही, मात्र स्पर्श होताच पोटाचा भाग वळवळतो. कोषातून बाहेर आलेला भुंगेरा प्रथम पांढुरका, नंतर तांबूस तपकिरी आणि काही दिवसांत काळा होतो. हे तिन्ही रंग एकाच अवस्थेचे आहेत. कमी तापमानात अळीची वाढ मंदावते. म्हणून विक्रेते त्या शीतकपाटात ठेवतात.

सुपरवर्म (झोफोबास मोरिओ): ही अळी मीलवर्मसारखीच दिसते, परंतु ५० मिलिमीटरांपर्यंत वाढते आणि तिची दोन्ही टोके गडद असतात. गर्दीत ती कोषावस्थेत जात नाही. प्रजननासाठी प्रत्येक अळी स्वतंत्र डबीत ठेवावी लागते. तेथे ती काही दिवसांत इंग्रजी ‘सी’ अक्षराप्रमाणे वाकते व नंतर कोष बनते. वाकलेली अळी मेलेली समजून टाकून देणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. मीलवर्मप्रमाणे ती शीतकपाटात ठेवल्यास मरते.

मेणकिडा (गॅलेरिया मेलोनेला): मधमाश्यांच्या पोळ्यातील मेण पोखरणाऱ्या पतंगाची ही अळी आहे. मधमाशीपालक तिला शत्रू मानतात. अळी मऊ, मलईच्या रंगाची व तपकिरी डोक्याची असते. पूर्ण वाढल्यावर ती चिवट रेशमी वेष्टन विणते व त्यात कोषावस्थेत जाते. अळीत चरबीचे प्रमाण जास्त असल्याने ती अधूनमधूनच देतात.

काळी सैनिक माशी (हर्मेशिया इल्युसेन्स): या माशीच्या अळीत कॅल्शियमचे प्रमाण इतर बहुतेक खाद्यकीटकांपेक्षा जास्त असते. खाणारी अळी फिकट असते. वाढ पूर्ण झाल्यावर ती खाणे थांबवते, गडद तपकिरी ते काळी होते आणि कोरड्या जागेच्या शोधात भटकू लागते. ही कोषपूर्व अवस्था होय. पुढे शेवटच्या कातीच्या आतच कोष तयार होतो. तो ताठ व निश्चल असतो. येथे काळा रंग कुजण्याचे लक्षण नाही.

रेशीमकीटक (बॉम्बिक्स मोरी): अळी चार वेळा कात टाकते व पाच टप्प्यांतून जाते. कात टाकण्यापूर्वी ती पाला खाणे सोडून डोके वर उचलून स्थिर बसते. महाराष्ट्रातील तुती-रेशीम उत्पादकांना ही खूण चांगली परिचित आहे. या काळात ते पाला देणे थांबवतात. पक्व अळी पिवळसर व अर्धपारदर्शक दिसते आणि कोश विणण्यासाठी जागा शोधते.

अपूर्ण रूपांतरण होणारे कीटक

रातकिडे: घरगुती रातकिडा (अकेटा डोमेस्टिकस) आणि पंखांच्या बुडाशी दोन फिकट ठिपके असलेला काळा रातकिडा (ग्रिलस बायमॅक्युलेटस) या जाती प्रामुख्याने वाढवल्या जातात. मादी ओलसर मातीत तांदळाच्या कणीसारखी लांबट अंडी घालते. नुकतेच बाहेर आलेले पिल्लू मुंगीएवढे असते. शेवटच्या टप्प्यांत पाठीवर पंखांचे लहान अंकुर दिसतात. पूर्ण पंख आले की रातकिडा प्रौढ समजावा. मादीच्या पोटाच्या टोकाला सुईसारखी अंडी घालण्याची नळी असते. किर्र आवाज केवळ प्रौढ नर करतो.

डुबिया झुरळ (ब्लॅप्टिका डुबिया): हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील आहे. मादी अंड्यांची पेटी पोटातच उबवते व जिवंत पिल्लांना जन्म देते. त्यामुळे अंड्यांची अवस्था बाहेर दिसत नाही. प्रौढ नराला शरीरभर लांब पंख असतात, मादीला केवळ आखूड पंख असतात. पंख अजिबात नसतील, तर ते पिल्लू होय.

ओळखताना होणाऱ्या चुका

१. नुकतीच कात टाकलेला कीटक पांढरा व मऊ असतो. तो रोगट नसून कवच कठीण होताच मूळ रंगावर येतो.
२. डब्यातील पोकळ, हलक्या काती मेलेले कीटक समजल्या जातात.
३. मीलवर्मचा जिवंत कोष फिकट असतो व स्पर्शाने हलतो. पूर्ण काळा पडलेला व न हलणारा कोष बहुधा मेलेला असतो. हाच नियम सैनिक माशीला लावता येत नाही.
४. कोंड्यातील धुळीसारखे बारीक कण हलत असतील, तर ती अंडी नसून कोळीवर्गीय माइट असतात. ओलावा वाढल्याचे ते लक्षण आहे.
५. कुक्कुटपालनगृहांत उपद्रव करणाऱ्या लहान भुंगेऱ्याच्या (अल्फिटोबियस डायपेरिनस) अळ्या लहान मीलवर्म समजल्या जातात. त्यांचा प्रौढ सुमारे सहा मिलिमीटरच असतो.

खाद्य म्हणून निवड

कीटक प्राण्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. पिल्लांना लहान अवस्था द्याव्यात. बरेच सरडे हालचाल पाहून भक्ष्य पकडतात; त्यामुळे निश्चल कोषांकडे ते दुर्लक्ष करू शकतात. प्रौढ भुंगेऱ्यांचे कवच कठीण असते, तर नुकतीच कात टाकलेली अळी मऊ असते. सैनिक माशीची अळी वगळता बहुतेक खाद्यकीटकांत फॉस्फरसच्या तुलनेत कॅल्शियम कमी असते. म्हणून ते कॅल्शियमच्या भुकटीत घोळून देतात. कॅल्शियमच्या दीर्घकालीन अभावाने प्राण्याची हाडे मऊ होऊन वाकतात. न खाल्लेले मोठे रातकिडे पिंजऱ्यात राहिल्यास ते झोपलेल्या प्राण्याला चावू शकतात. ते काढून टाकावेत.

कायदेशीर बाब

भारतात घोरपड, स्टार कासव यांसारख्या संरक्षित देशी सरपटणाऱ्या प्राण्यांना पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. तसेच परदेशी खाद्यकीटक बाहेर सोडू नयेत. मीलवर्मसारखे कीटक साठवलेल्या धान्याचे नुकसान करतात.