ग्रानाडाहून निघालेली वाट

ग्रानाडा हे नाव कानावर पडले, की माझ्यासारख्या उर्दू शायरी ऐकत वाढलेल्या माणसाच्या मनात अल्हाम्ब्रा महालाची कारंजी उडू लागतात. गेलेल्या वैभवाचा उसासा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पण इतिहास वाचायचा, तर उसासा थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो. अरब आणि बर्बर इसवी सन ७११ मध्ये स्पेनमध्ये उतरले, तेही पाहुणे म्हणून नव्हे, तलवार घेऊनच. एवढे कबूल करावे आणि मग विचारावे, की स्पेनची माणसे समुद्र ओलांडून परमुलखावर राज्य करायला का गेली?

शाळेत याचे उत्तर तीन शब्दांत मिळायचे: देव, द्रव्य आणि कीर्ती. उत्तर खोटे नाही. पण हे तीन हेतू एकमेकांत कसे गुंतले होते, ते त्यातून कळत नाही.

१४९२ हे एकच साल पाहू या. २ जानेवारीला ग्रानाडाचा शेवटचा सुलतान अबू अब्दुल्ला याने शहर राणी इसाबेला आणि राजा फर्दिनांद यांच्या हवाली केले. ३१ मार्चला फर्मान निघाले, की यहुद्यांनी बाप्तिस्मा घ्यावा, नाहीतर देश सोडावा. १७ एप्रिलला कोलंबसाशी करार झाला. अल्हाम्ब्राच्या बुरुजांवर राजाराणीचे निशाण चढताना आपण डोळ्यांनी पाहिले, असे कोलंबसानेच लिहून ठेवले आहे.

मुसलमान राज्यांशी शेकडो वर्षे लढताना स्पेनमध्ये एक रीत पडली होती. मुलूख जिंकावा आणि त्यातली जमीन व रयत इनाम मिळवावी. ग्रानाडा पडले आणि ही सरहद्द संपली. मोठ्या घराण्यांत जमीनजुमला बहुधा थोरल्याकडे जाई. धाकट्याच्या वाट्याला घराण्याचे नाव आणि एक तलवार. हाताने काम करणे तर कमीपणाचे. अशा तरुणांना समुद्रापलीकडे नवी सरहद्द सापडली. मेक्सिको जिंकणारा कोर्तेस आणि पेरू जिंकणारा पिझारो, दोघेही एस्त्रेमादुरा या गरीब प्रांतातले.

आता हिशेबाची वही उघडू. करारात कोलंबसाला नफ्याचा दहावा हिस्सा कबूल केला होता. पुढे खाणींतल्या सोन्याचांदीचा पाचवा हिस्सा राजाचा, असा दंडक झाला. बहुतेक मोहिमांचा खर्च मात्र राजा करत नसे. परवाना राजाचा, पैसा सावकाराचा आणि जीव शिपायाचा. शिपायाला ठरलेला पगार नाही, लुटीत वाटा. म्हणजे हात आवरता घेणारा शिपाई कर्ज डोक्यावर घेऊनच घरी परतायचा! माणसे लोभी होती हे खरेच, पण लोभावाचून हा व्यवहार चालणारच नव्हता. १५३२ मध्ये पिझारोने इंका सम्राट अताहुआल्पा याला पकडले. त्याने सुटकेसाठी एक खोली सोन्याने भरून देण्याचे कबूल केले. सोने आले, आणि १५३३ मध्ये सम्राटाला गळा आवळून मारले.

मग धर्म हा निव्वळ मुखवटा होता का? मला तसे वाटत नाही. या सफरींच्या नफ्यातून जेरुसलेम जिंकावे, असे कोलंबसाला मनापासून वाटे. १४९३ मध्ये पोपने नव्या भूमीवर स्पेनचा हक्क मान्य केला, तो धर्मप्रसाराची जबाबदारी घालूनच. १५१३ पासून एक जाहीरनामा वाचण्याची पद्धत पडली. पोपची आणि राजाची सत्ता माना, नाहीतर युद्ध आणि गुलामी. ज्यांना स्पॅनिशचा शब्दही कळत नव्हता, त्यांच्यापुढे तो स्पॅनिशमध्ये वाचला जाई. आणि कोर्तेस? तो राजाला लिहिलेल्या पत्रांत मेक्सिकोतल्या देवळांना चक्क ‘मशिदी’ म्हणतो. हे पहिल्यांदा वाचले, तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिलो. जिथे इस्लामचे नावही पोहोचले नव्हते, तिथेही त्यांना जुनाच शत्रू दिसत होता.

पण त्याच धर्मातून विरोधाचा आवाजही उठला. १५११ मध्ये हिस्पानिओला बेटावर मोंतेसिनोस या धर्मगुरूने भर प्रार्थनेत आपल्याच लोकांना जाब विचारला. लास कासास यांच्याकडे स्वतःची वेठीची रयत होती. १५१४ मध्ये त्यांनी तिच्यावरचा हक्क सोडला आणि उरलेले आयुष्य तिची बाजू मांडण्यात घालवले. एका काळी त्यांनीच आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती. त्याचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला, आणि तोही त्यांनी लपवला नाही.

ही कहाणी दूरची म्हणून सोडून देता येत नाही. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीला चांदीचा डोंगर सापडला. तिथल्या मूळ रहिवाशांना पाळीपाळीने खाणीत वेठीला धरले जाई. अमेरिकेतली ती चांदी व्यापाराच्या वाटेने सुरतेच्या टांकसाळीपर्यंत येई आणि वितळून तिचे रुपये पडत. शहाजहानच्या रुपयावर कलमा कोरलेला असे. तो रुपया हातात धरणाऱ्याने कलमा वाचला असेल. ती चांदी कुणी खणली, हे त्याला कुणी सांगितले नसेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)